संगणकाची पेटी आणि पत्र्याची हत्यारे

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष बी. ए.)

संगणकाचे जे बाहेरचे खोके असते, ज्याला दुकानदार 'कॅबिनेट' म्हणतात, ती वस्तुतः पत्र्याची पेटी आहे. आत वीज खेळते आणि पंखे फिरतात, एवढाच काय तो फरक. आमच्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, धंदा पत्र्याच्या पेट्या, धान्याच्या कोठ्या आणि लोखंडी कपाटे करण्याचा. घरात पहिल्यांदा कॅबिनेट आले तेव्हा त्यांनी झाकण काढून कडेवरून अंगठा फिरवला आणि "चोवीस गेजचा पत्रा, कोपऱ्याला रिबिटा. पेटीच की ही!" असा निकाल दिला. पुढे या विषयावर मी इंग्रजीतले बरेच काही वाचले, परंतु या निकालाइतके उपयोगी वाक्य मला त्यात आढळले नाही.

हे खोके जसे कारखान्यातून आले तसे न ठेवता आपल्या गरजेप्रमाणे कापणे, त्याला भोके पाडणे, खिडकी बसवणे, रंगवणे याला 'केस मॉडिंग' असे नाव आहे. गेल्या शतकातील नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हा छंद अमेरिका-युरोपातील तरुणांत फोफावला. त्या काळी बहुतेक संगणक एकाच मळकट पांढऱ्या रंगाच्या पेट्यांतून येत. १९९८ साली ॲपल कंपनीने निळसर, आरपार दिसणाऱ्या पाठीचा आयमॅक बाजारात आणला आणि यंत्राची पेटी देखणीही असू शकते हे सर्वांना दिसले. आज काचेच्या भिंतींची आणि रंगीत दिव्यांची कॅबिनेटे तयारच मिळतात. तेव्हा ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याने ती खुशाल विकत घ्यावीत. हौसेखेरीज त्याला या भानगडीत पडण्याचे कारण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमचे कारण वेगळे होते. आमचे घर सोलापुरात, पत्र्याच्या छपराखाली. एका कार्यालयाने मोडीत काढलेला संगणक आम्ही घेतला आणि त्यावर मी शेजारपाजारच्या मुलामुलींचे प्रवेशाचे नि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देते, टंकलेखनाची कामे करते. माझ्या फीचा बराचसा भाग त्यातून निघतो. अर्जांचा हंगाम मे-जूनमधला आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो. दुपारी बारानंतर संगणक आधी मंदावे, मग एकाएकी बंद पडे. यात त्याचा दोष नव्हता. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास तापला की स्वतःचा वेग आपणच कमी करतो आणि तरीही तापमान उतरले नाही तर जळून जाण्याऐवजी बंद होतो. अर्धवट भरलेला अर्ज तेवढा जातो, आणि समोर बसलेल्या मुलीचे तोंड उतरते.

कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला हवेसाठी भोके होती. मी ती मोजली. ४ मि.मी. व्यासाची ९६ भोके. गणित केले तर सगळ्यांचे मिळून क्षेत्रफळ जेमतेम १२ चौ. सें.मी. भरते. त्याच जागी १२० मि.मी.चा पंखा बसवण्यासाठी ११५ मि.मी. व्यासाचे एक मोकळे भोक पाडले तर ते १०४ चौ. सें.मी. होते, म्हणजे साडेआठ पटींहून अधिक. रोग कळला होता. प्रश्न होता तो हत्यारांचा.

परदेशी मंडळी जेव्हा या कामाच्या हत्यारांची यादी देतात तेव्हा ती फार लांबलचक असते. ती वाचून कोणालाही वाटावे की पाचसहा विजेची यंत्रे घरात आल्याखेरीज पेटीला हात लावू नये. आमच्या दुकानात ती बहुतेक आहेत, त्यामुळे मला ती वापरून पाहता आली. त्या अनुभवावरून मी सांगते की या कामातले विजेचे यंत्र एकच अत्यावश्यक आहे, ते म्हणजे ड्रिल. बाकीची मदार आखणीवर, पत्रा धरून ठेवण्यावर आणि कानशीवर आहे.

याचे कारण पत्र्याच्या स्वभावात आहे. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. २२ गेजचा पत्रा साधारण ०.७१ मि.मी. जाड, २४ गेजचा ०.५६ मि.मी. स्वस्त कॅबिनेटे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची असतात, चांगली पाऊण-एक मिलिमीटरची. चांगल्या कॅबिनेटच्या आतल्या कडा दुमडलेल्या असतात, जशा अण्णा पेटीच्या काठाला दुमड घालतात. त्याने ताठपणा येतो आणि हात कापत नाही. आता जाड लोखंडाची पट्टी हत्याराला विरोध करते. तिला जोर लावावा लागतो. पातळ पत्रा विरोध करत नाही, तो वाकतो, थरथरतो, हत्याराबरोबर वर उचलला जातो आणि नेमक्या नको त्या क्षणी हत्याराला पकडून बसतो. म्हणून जाड लोखंडावर जे हत्यार राजा ठरते ते पत्र्यावर कधी कधी शत्रू ठरते.

साध्या हॅक्सॉचेच पाहा. तिच्या पात्याला इंचात १८, २४ किंवा ३२ दाते असतात. नियम असा की कापताना एका वेळी निदान तीन दाते धातूवर टेकलेले हवेत. सर्वांत बारीक, म्हणजे ३२ दात्यांचे पाते घेतले तरी दोन दात्यांमधले अंतर ०.७९ मि.मी. होते. २४ गेजचा पत्रा दोन दात्यांच्या मधल्या फटीतच जाऊन बसतो! मग दाते तुटतात किंवा पत्रा फाटतो. उपाय दोन. पाते आडवे, निजते धरून कापायचे, म्हणजे अधिक दाते टेकतात; नाहीतर पत्रा दोन प्लायवूडच्या तुकड्यांत दाबून प्लायवूडसकट कापायचा. दुसरा उपाय उत्तम. त्यात पत्रा आपण जाड आहोत अशा समजुतीत राहतो.

कापण्याच्या आधी अर्थातच पेटी पूर्ण रिकामी करायची. मदरबोर्ड, तारा, पंखे, डिस्क, सारे बाहेर. लोखंडाचा कीस केसाइतका बारीक असला तरी मदरबोर्डवरच्या दोन टाक्यांना जोडून तो यंत्र मारू शकतो. वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो सबंध उचलून बाजूला ठेवायचा आणि उघडायचा नाही. आपल्या २३० व्होल्ट विजेचे त्याच्या आत सुमारे ३२५ व्होल्ट होऊन ती साठून राहते, नि प्लग काढल्यावरही काही काळ असते.

आखणीची हत्यारे क्षुल्लक दिसतात म्हणून लोक ती वगळतात. पोलादी पट्टी, गुण्या, आखणीची टोकदार सळी, डिव्हायडर आणि सेंटर पंच एवढी पुरेत. डिव्हायडर म्हणजे दोन्ही पायांना टोक असलेले कर्कटक. पत्र्यावर आधी कागदी चिकटपट्टी लावून त्यावर आखावे. रेघ स्पष्ट दिसते आणि हत्यार घसरले तर रंगावर ओरखडा उठत नाही. पंख्यांची मापे जगभर ठरलेली आहेत. १२० मि.मी.च्या पंख्याची चार स्क्रूंची भोके एकमेकांपासून १०५ मि.मी. अंतरावर, ८० मि.मी.च्या पंख्याची ७१.५ वर, १४० च्या पंख्याची १२४.५ वर असतात. तेव्हा एक चौरस, त्याचे दोन कर्ण, कर्ण छेदतात तो मध्यबिंदू, त्यावरून वर्तुळ. शाळेत नववी-दहावीला जी भूमितीतली रचना केली ती इथे पत्र्यावर जशीच्या तशी लागते. एक मि.मी. चुकले तर चौथा स्क्रू बसत नाही. सेंटर पंचाचा खळगा पाडल्याशिवाय ड्रिल टेकवू नये, कारण गुळगुळीत पत्र्यावर ड्रिलचे टोक पाण्यावरच्या भिंगरीसारखे भटकते. खळगा पाडताना पत्र्याखाली लाकडी ठोकळा हवा. अधांतरी पत्र्यावर हातोडी मारली तर खळगा पडत नाही, पोचा पडतो.

आता ड्रिल. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली घोडा या स्वरूपातल्या विजेच्या ड्रिलचे पेटंट अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीला १९१७ साली मिळाले आणि आज शंभर वर्षांनंतरही त्याचा घाट तोच आहे. घोडा कमी-अधिक दाबून फेरे कमी-अधिक करता येतील असेच ड्रिल घ्यावे. कारण सारे रहस्य फेऱ्यांत आहे. साध्या पोलादात हायस्पीड स्टीलच्या ड्रिलची धार मिनिटाला साधारण २५ मीटर या वेगाने चालावी. या २५ मीटरला परिघाने भागले की फेरे मिळतात. ४ मि.मी.च्या ड्रिलला मिनिटाला सुमारे २००० फेरे लागतात, तर मोठ्या भोकाला कितीतरी कमी.

पातळ पत्र्यात नेहमीच्या पिळाच्या ड्रिलने भोक पाडले तर ते गोल न पडता तिकोनी पडते, हे पुष्कळांनी पाहिले असेल. ड्रिलच्या धारा पत्र्यात पूर्ण शिरण्याआधीच त्याचे टोक पलीकडे निघते आणि मग त्याला आधार राहत नाही. शिवाय आरपार जाण्याच्या क्षणी पिळाच्या खोबणीत पत्रा चढतो आणि गरकन फिरतो. यावर खरे औषध म्हणजे पायऱ्यांचे ड्रिल, स्टेप ड्रिल. शंकूच्या आकाराचे, पायऱ्यापायऱ्यांचे. प्रत्येक पायरी आधीच्या भोकात टेकून ते थोडे मोठे करते. भोक गोल येते आणि पत्रा पकडला जात नाही. बटणांची, दिव्यांची, तारांची भोके त्याने पाडावी. दोन वस्तूंचेच पैसे असतील तर एक चांगले ड्रिल नि एक स्टेप ड्रिल घ्यावे, असे मी सांगेन.

परंतु ११५ मि.मी.चे भोक कसे पाडायचे? इथे वाटा फुटतात.

पहिली वाट होल सॉची. वाटीसारखी गोल करवत, मधोमध वाट दाखवणारे ड्रिल. ११४ मि.मी.ची, म्हणजे साडेचार इंची, मिळते. वरचे गणित तिला लावून पाहा. तिला मिनिटाला फक्त ७० फेरे हवेत. हातातले ड्रिल इतक्या मंद गतीने इतका जोर देऊ शकत नाही, आणि जोराने फिरवले तर दाते जळतात. त्यातून एखादा दाता पत्र्यात अडकला तर करवत थांबते नि ड्रिल फिरते, आणि ड्रिल ज्याच्या हातात आहे त्याचे मनगटही. आमच्या गल्लीतल्या एका मिस्त्रींचे मनगट असेच मुरगळले आणि दीड महिना त्यांचे काम बंद होते. टेबलावर पक्के बसवलेले ड्रिलयंत्र असेल नि पत्रा क्लॅम्पने आवळलेला असेल तरच होल सॉ वापरावी. तेव्हा मात्र तिच्यासारखे देखणे भोक दुसरे कोणी पाडत नाही.

दुसरी वाट जिगसॉची. खालीवर चालणारे अरुंद पाते. याची एक गोष्ट सांगतात, की स्वित्झर्लंडमधील सिंटिला कंपनीतल्या आल्बर्ट काउफमान यांनी १९४६ साली घरच्या शिलाई मशीनची सुई काढून तिथे करवतीचे पाते लावून पाहिले आणि त्यातून हे यंत्र जन्मले. माझी आई शिलाईकाम करते. तिला ही गोष्ट सांगितली तर तिने आधी आपल्या मशीनवर झाकण घातले. जिगसॉचे पाते वर येताना कापते, त्यामुळे पत्र्याला ते सतत वर उचलू पाहते. म्हणून पत्र्याची चांगली बाजू खाली ठेवायची, पत्रा लाकडाच्या फळीवर क्लॅम्पने आवळायचा, धातूचे बारीक दात्यांचे पाते घालायचे आणि वेग मध्यमाच्या खाली ठेवायचा. सुरुवातीला पाते शिरण्यापुरते १० मि.मी.चे भोक स्टेप ड्रिलने पाडायचे. आवाज मात्र असा होतो की शेजारी विचारायला येतात.

तिसरी वाट गरिबाची, आणि आम्ही तीच धरली. जिगसॉ त्या दिवसांत दुरुस्तीला होती आणि अण्णांना वाट पाहणे मानवत नाही. वर्तुळाच्या रेघेच्या आतल्या अंगाने ४ मि.मी.ची भोके एकाशेजारी एक पाडत जायचे. परीघ ३६१ मि.मी., दोन भोकांच्या मध्यांतले अंतर साडेचार मि.मी., म्हणजे सुमारे ऐंशी भोके. मधल्या अर्ध्या मिलिमीटरच्या भिंती छिन्नीच्या हलक्या ठोक्यांनी तोडायच्या, की चकती निघून येते. कडा मगरीच्या दातांसारखी राहते. मग कानस. दोन दुपारी गेल्या. या वाटेत काही बिघडण्यासारखे नसते, हा तिचा मोठा गुण. एक भोक चुकले तरी ते रेघेच्या आतच असते.

नखाने कुरतडल्यासारखे पत्र्याचे लहान लहान तुकडे तोडणारे निबलर नावाचे पक्कडवजा हत्यार मिळते. ते पत्रा वाकवत नाही. चौकोनी खिडकीला चांगले, पण हात दुखून येतो. पत्र्याची कात्री बाहेरच्या कडेला ठीक. आतल्या भोकाला ती घातली की कडा वळून पिळवटते.

राहिली दोन फिरती यंत्रे. हातात पेनासारखे धरायचे छोटे फिरते यंत्र, ज्याला सगळे डेमेल किंवा ड्रेमेल म्हणतात. आल्बर्ट ड्रेमेल यांनी १९३२ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावी ही कंपनी काढली. मिनिटाला तीस हजारांच्या वर फेरे. परदेशी लेखांत याचे इतके कौतुक असते की जणू याच्यावाचून मॉडिंगच नाही. मला तसे वाटत नाही. त्याच्या चकत्या पातळ आणि ठिसूळ. किंचित तिरपा दाब पडला की तुकडे उडतात. ३६१ मि.मी. परीघ कापेपर्यंत चकत्यांची रास पडते. कोपऱ्यातले, हात न पोचणारे बारीक काम असेल तिथे त्याला तोड नाही, हेही खरे. दुसरे यंत्र चार इंची ग्राइंडर. तो आपल्याकडे प्रत्येक फॅब्रिकेशनच्या दुकानात असतो, म्हणून लोक तोच उचलतात. त्याचे चाक मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते, म्हणजे चाकाची कड ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावते. पातळ पत्र्यावर तो रंग जाळतो, कडा निळी पाडतो आणि सरळ रेघेखेरीज काही कापत नाही. कॅबिनेटच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो. तो जळला की पांढरा धूर निघतो आणि कोंडलेल्या जागेत तो छातीत गेला तर संध्याकाळी थंडी भरून ताप येतो. वेल्डिंगवाल्यांना हा ताप चांगला ठाऊक आहे. ग्राइंडरचे संरक्षक कवच काढून काम करण्याची जी पद्धत आपल्याकडे पडली आहे ती अण्णांच्या दुकानात चालत नाही.

आता कानशीकडे येते. हिच्याविषयी मी जरा लांबण लावणार आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

कानस हे सर्वांत स्वस्त हत्यार आणि सर्वांत दुर्लक्षित. अर्धगोल, चपटी, गोल अशा तीन आणि बारीक कानशींचा एक संच, एवढ्यात कॅबिनेटचे सारे काम होते. वर्तुळाच्या आतल्या कडेला अर्धगोल कानशीची फुगीर बाजू लावायची. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना नाही. तेव्हा पुढे दाब, मागे उचल. पुढेमागे सारखे खरखर घासणारा माणूस दिसला की त्याची कानस लवकर बोथट होणार हे समजावे. पत्रा वाइसमध्ये दोन लाकडी पट्ट्यांच्या मधे धरावा आणि घासायची कड पट्टीच्या अगदी जवळ ठेवावी. कड लांब राहिली की पत्रा किंचाळतो. अण्णा पलीकडे पेटी ठोकत असले तरी तो आवाज ऐकून तिथूनच सांगतात, "पोरी, खाली घे पत्रा, रडतोय तो." कानस एका जागी न फिरवता पुढे ढकलताना बाजूलाही सरकवत न्यायची, म्हणजे खाचा पडत नाहीत. आखलेली रेघ अर्धी दिसेनाशी झाली की थांबायचे. अर्धी रेघ पत्र्यावर राहिली पाहिजे.

त्यानंतर कडेला कुसळासारखी जी धारदार कोर राहते तिला दुकानात 'बर' म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळते, आणि बोटाला कळली म्हणजे बोट कापलेलेच असते. कापसाचा बोळा कडेवरून फिरवावा. जिथे तंतू अडकतील तिथे बर आहे. बारीक कानस तिरपी धरून ती काढायची. लहान भोकांची बर काढायला त्याहून मोठे ड्रिल नुसते हाताच्या चिमटीत धरून दोन वेळा फिरवले तरी पुरते. पंख्याची तार या कडेवर रोज थरथरत घासणार असते. बर राहिली तर सहा महिन्यांनी तारेवरचे रबर कापले जाते. तारा जिथून जातात तिथे रबराची गोल झालर बसवावी ती याचसाठी.

आमच्या एका सरांना मी ही अर्धी रेघ राखण्याची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी विचारले, "हे तू कोठे वाचलेस?" मी म्हटले, "सर, हे वाचलेले नाही." सरांनी ते वहीत टिपून घेतले. हा लेख लिहिण्याची सूचना त्यांचीच.

आटे पाडण्याविषयी थोडे. कॅबिनेटमध्ये दोन जातींचे स्क्रू असतात आणि ते एकमेकांच्या भोकात घालून लोक आटे मारून टाकतात. जाडसर आट्यांचा तो ६-३२, म्हणजे साडेतीन मि.मी. जाडीचा आणि इंचात ३२ आट्यांचा; बारीक आट्यांचा तो एम-३, तीन मि.मी. जाडीचा, ज्याचे आटे अर्ध्या मिलिमीटरवर असतात. मोठी हार्ड डिस्क ६-३२ घेते, लहान अडीच इंची एम-३ घेते. आटे पाडायचा टॅप एम-३ साठी हवा असेल तर आधी २.५ मि.मी.चे भोक पाडावे, ६-३२ साठी २.७ चे. पण ६-३२ चे दोन आटे ०.७९ मि.मी. अंतरावर आणि आपला पत्रा ०.५६! त्यात एक सबंध आटासुद्धा मावत नाही. म्हणूनच कारखान्यात भोकाची कड आत दाबून तिला नळीसारखी उंची देतात. आपल्याला ते जमत नाही. आपण नटबोल्ट वापरावा किंवा रिबिट मारावी. रिबिट गन हे फार समाधान देणारे हत्यार आहे. ३.२ मि.मी.ची रिबिट, तिच्याहून केसभर मोठे भोक, मूठ आवळली की खट् आवाज होऊन खिळा तुटतो आणि जोड पक्का होतो. कॅबिनेटचा सांगाडा सुटा करायचा असेल तर याच्या उलट, रिबिटेच्या डोक्यावर तेवढेच ड्रिल चालवले की डोके गळून पडते.

खिडकीसाठी ३ मि.मी.चे ॲक्रिलिक घेतात. त्याची गत पत्र्याच्या उलट, ते वाकत नाही, तडकते. आणि जोरात कापले तर वितळून पुन्हा चिकटते. त्यावरचा कागद शेवटपर्यंत काढू नये. दात्यांच्या चक्राचा जुना हातड्रिल आमच्याकडे आहे, तो या कामी विजेच्या ड्रिलला हरवतो, कारण त्याला जोरात फिरताच येत नाही.

डोळ्यांवर चष्मा हवा, हे सांगायला नकोच, तरी सांगते. हातमोज्यांच्या बाबतीत मात्र पुष्कळांचा घोटाळा होतो. कापलेला पत्रा उचलताना हातमोजे हवेत, आणि ड्रिलजवळ मुळीच नकोत. फिरते ड्रिल मोज्याचे बोट पकडते आणि आतल्या बोटासकट गुंडाळते. ओढणी, सैल बाही आणि मोकळे केस यांना हाच नियम. मी ओढणी खुंटीला लावते आणि वेणी आत खोचते. दुकानात येणारी गिऱ्हाईके आधी चमकून बघत, आता पेटीची मापे मलाच सांगतात.

हत्यारे कोठून घ्यावीत? मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी, आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी निदान एक हार्डवेअरचे दुकान. कानस, सेंटर पंच, गुण्या ही नव्यानेच घ्यावीत. वाइस जुनी चालते, किंबहुना जुनी अधिक बरी. ग्राइंडर, जिगसॉ वर्षातून एकदा लागणार असतील तर विकत घेण्यापेक्षा जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे आखलेला पत्रा घेऊन जावे. आखणी नीट असेल तर तो काम आनंदाने करतो. आखणी नसेल तर तो आपल्या अंदाजाने कापतो आणि मग त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

रंगाविषयी एकच. जस्ताच्या थरावर साधा ऑइल पेंट धरत नाही, काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. आधी पॉलिश पेपरने चमक मारून जस्तावर धरणारा प्रायमर लावावा. मात्र वीजपुरवठ्याचा डबा आणि मदरबोर्डचे खुंट जिथे पत्र्याला टेकतात तिथे रंग नको. तिथे उघडा धातू धातूला लागला पाहिजे, कारण पेटीचे अर्थिंग त्यातूनच होते.

पंखा बसवल्यावर पहिल्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता, तेच काम चालू असताना, प्रोसेसरचा आकडा ९४ च्या जागी ७८ दिसला. अर्ज भरून झाले.

जोडणी पुन्हा सुरू करण्यापूर्वी प्लॅस्टिकच्या पिशवीत चुंबक घालून रिकाम्या पेटीच्या प्रत्येक कोपऱ्यातून फिरवावा. पिशवी उलटी केली की लोखंडाचा कीस आपोआप वेगळा होतो. ॲल्युमिनियमचा आणि ॲक्रिलिकचा कीस चुंबकाला येत नाही, त्यासाठी रंगाचा कोरडा ब्रश. मग भोकावर तारेची जाळी, जाळीमागे पंखा. पंख्याच्या चौकटीवर बहुधा बारीक बाण कोरलेला असतो. हवा त्या दिशेने जाते. बाजूच्या पत्र्यावर तो आत दाखवणारा असावा.